वाटतंय पाळक

आमच्या पाळकमामांचा उपदेश ऐकण्याइतकाच बघण्यासारखा असे. चर्चमध्ये पुढं दोन पायऱ्यांचा ओटा, ओट्यावर लाकडी व्यासपीठ आणि त्यावर उघडं ठेवलेलं पवित्र शास्त्र. शास्त्रातलं वाचून दाखवताना आणि त्याचा अर्थ सांगताना मामा वर उभे असत. मधेच त्यांना पदरचं काही सांगावंसं वाटलं, समजा लग्नात मानपानावरून रुसणाऱ्याला नाताळच्या करंज्या पाठवू नयेत असं काही, की ते बोलायचे थांबत. झगा घोट्याच्या वर धरून पायऱ्या उतरत, पहिल्या बाकाशी येत आणि म्हणत, "आता हे माझं. मला वाटतंय." सांगून झालं की पुन्हा पायऱ्या चढून वर.

एका उपदेशात अशा किती खेपा होतील याचा नेम नसे. मागच्या बाकावर बसणाऱ्या माझ्यासारख्यांना मात्र त्याचा फायदा व्हायचा. मामा वर असले की मान खाली घालून ऐकायचं आणि खाली आले की मान वर करून. पुढं त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि उपदेशातली मतं कमी कमी होत गेली. मामी म्हणायच्या, "डाक्टरनी पायऱ्या बंद केल्या तवापास्नं ह्यांचं समदं शास्त्राला धरून असतंय बघा."

हे माझ्या आईचे धाकटे भाऊ. पेशानं पाळक, म्हणून पाळकमामा. उमेदीची वर्षं त्यांनी जतकडच्या कोरड्या गावांतून काढली. तिकडच्याच कुणीतरी त्यांना 'वाटतंय पाळक' हे नाव ठेवलं. ते नाव त्यांच्या आधी सांगलीला पोचलं. काही जण ते मायेनं घेत, बरेच जण घेत नसत. त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. हल्ली मोबाइल उघडला की पांढऱ्या सुटातला एखादा उपदेशक दर वाक्याला 'प्रभू मला आत्ता सांगतोय' म्हणतो. त्यापुढं 'मला वाटतंय' म्हणणारा पाळक म्हणजे हॉटेलातल्या वेटरनं 'भजी बरी असावीत' असं सांगण्यासारखं. गिऱ्हाईक टिकणार कसं?

मामांना ही सवय कुठून लागली, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. ती त्यांच्या वडिलांमुळं लागली. आमचे आबा, म्हणजे आईचे वडील, फलटणकडच्या एका साखर कारखान्याच्या वस्तीत सुवार्तिक होते. घरोघरी जाऊन येशूची गोष्ट सांगायची हे त्यांचं काम. माणूस प्रेमळ, पण त्यांच्या आणि देवाच्या आवडीनिवडी हुबेहूब सारख्या होत्या. आबांना वांगं चालत नसे, तर देवालाही वांग्याची हौस पसंत नव्हती. आबांना दुपारी झोप हवी असे, तर दुपारी पोरांनी दंगा केलेला देवाला खपत नसे. आईला शिवणाचा क्लास लावायचा होता. आबा रात्रभर प्रार्थना करून सकाळी म्हणाले, "प्रभू नको म्हणतो." आई सांगायची, "आबा नको म्हणाले असते तर मी रडून-भांडून गेले असते. प्रभूशी कशी भांडणार?" तेव्हा मामा शाळकरी होते. तेव्हापासून ते देवाचं नाव घेताना जरा अडखळायला लागले, असं आई म्हणायची.

ते अडखळणं पुढं त्यांच्या सगळ्या बोलण्यात मुरलं. मामी त्यांच्या लग्नाची हकिकत सांगायच्या. मुलगी बघून झाल्यावर मामींच्या वडिलांनी विचारलं, "मग, पसंत हाय का?" मामा म्हणाले, "मला वाटतंय, हाय." वडील उठले आणि रागानं बाहेर जायला चपला घालायला लागले. मामा त्यांच्या मागं दारापर्यंत गेले आणि म्हणाले, "आवं, वाटतंय म्हंजे मनापास्नं वाटतंय. देवानं धाडलं म्हणून आलो न्हाई, मला आवडली म्हणून म्हणतोय." मामी हे सांगताना दर वेळी पदर तोंडाला लावायच्या. "दुसऱ्या पाव्हण्यांनी 'प्रभूची इच्छा' म्हणून सांगितलं हुतं," त्या म्हणायच्या. "आवडली म्हणून सांगणारं ह्येच एक."

जतकडं पावसाची बोंब. उन्हाळ्यात टँकर आला की गाव जागं व्हायचं. तिथं बोअर मारायच्या आधी लोक पाणाड्याला बोलवायचे. तो तळहातावर नारळ धरून शेतात फिरायचा आणि नारळ उभा राहिला की 'इथं मारा' म्हणायचा. मामांच्या मंडळीतला, म्हणजे चर्चच्या सभासदांतला, सिद्राम म्हणून एक शेतकरी होता. त्याला ख्रिस्ती माणसानं नारळ फिरवणं बरं वाटेना, म्हणून तो मामांकडं आला.

"पाळकसाहेब, सलाम. जरा प्रभूला इचारून सांगा की, पानी कुठं लागंल?"

"इचारतो. तुज्या रानात पानी लागू दे म्हणून मागतो. पर कुठं लागंल ते मी सांगनार न्हाई."

"का वं?"

"मागणं माझ्या हातात हाय. सांगणं न्हाई."

"मग पाणाड्या काय वाईट? त्यो नारळ फिरवून सांगतोय तरी."

"त्याचा नारळ हाय, त्यो सांगंल. मी कुणाच्या नावावर सांगू?"

सिद्राम कपाळाला हात लावून गेला. मामा दुसऱ्या दिवशी त्याच्या शेतात गेले, उन्हात गुडघे टेकून प्रार्थना केली आणि सिद्रामनं स्वतःच ठरवलेल्या जागी बोअरचं मशीन थांबेपर्यंत त्याच्याशेजारी बांधावर बसून राहिले. त्या बोअरला पाणी लागलं. सिद्रामनं गावभर केलं की पाळकाच्या शब्दानं पाणी लागलं. मग मामांना घरोघरी जाऊन सांगावं लागलं की मी शब्द दिलाच नव्हता. पुढच्या शेतात बोअर कोरडी गेली, तिथंही मामा तसेच शेवटपर्यंत बसले होते. तेव्हा तो शेतकरी म्हणाला, "तुमच्यावर चिडायची बी सोय न्हाई, साहेब. तुमी कायच बोलला नव्हता." मामा म्हणाले, "चिड की. माणूस म्हणून चिड. मी बसलोय हितं."

मी स्वतः कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक छोटं वर्कशॉप चालवतो. दोन लेथ, एक ड्रिल आणि माल वेळेवर न देण्याची दीर्घ परंपरा. गिऱ्हाइकाचा फोन आला की माझ्या तोंडून आपोआप निघायचं, "प्रभूची इच्छा असेल तर शनिवारी नक्की." शनिवार गेला की, "प्रभूची इच्छा नव्हती बघा." मामा एकदा वर्कशॉपमध्ये स्टुलावर बसले असताना हे दोन्ही फोन पाठोपाठ झाले. मामांनी चहाची बशी खाली ठेवली.

"शनवारी काय झालं हुतं रं?"

"लाइट गेली होती. आणि कारागीर लग्नाला."

"मग तसं सांग की. प्रभूला कशाला तुझ्या पंपाच्या पार्टांत ओढतोस? उद्या त्यो गिऱ्हाईक प्रार्थना करायचा सोडंल, अन् कारण तुझा लेथ असंल."

त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकांना लाइटीचं कारण देतो. माल अजूनही शनिवारी जात नाही, पण त्यात देवाची बदनामी होत नाही.

निवृत्त झाल्यावर मामांना कुपवाडमधल्या आमच्या छोट्या मंडळीनं बोलावलं. चर्चच्या मागं दोन खोल्या होत्या, तिथं मामा-मामी राहायला आले. मला शेजारी मामा आल्याचा आनंद झाला आणि मागच्या बाकावर मामा नजर ठेवणार म्हणून धाकधूकही झाली. मंडळीचा कारभार पंचकमिटी बघायची आणि पंचकमिटीचा कारभार भास्करराव बघायचे. भास्कररावांचा दरारा मोठा, शर्टाला कायम इस्त्री आणि बोलणं जाहिरातीसारखं गोड. चर्चचा पत्रा त्यांनी बदलला, पंखे त्यांनी आणले. त्यांचा मुलगा आशिष पुण्यात चांगल्या नोकरीत होता. सुट्टीला आला की उपासनेत गिटार वाजवायचा. बायका म्हणायच्या, असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

तो मुलगा एका रविवारी साक्ष द्यायला उभा राहिला आणि म्हणाला, "प्रभूनं मला माझा जोडीदार दाखवला आहे." साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांसमोर सांगणं. मंडळीनं 'आमेन' म्हटलं आणि मीही जोरात म्हटलं. संध्याकाळी भास्करराव सपत्नीक आमच्या दारात उभे राहिले, तेव्हा मला कळलं की प्रभूनं दाखवलेला जोडीदार म्हणजे माझी मुलगी रूथ.

"आम्ही विचारायला नाही आलो," भास्करराव हसून म्हणाले, "कळवायला आलोय. वरून ठरलंय. आपण फक्त तारीख बघायची."

खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या. पुण्यात घर, घरात गिटार आणि देवाची शिफारस. मी बायकोला चहात साखर जास्त टाकायला सांगितलं. रूथ मिरजेला एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. पेशंटांना दटावून चालायला लावणारी मुलगी, पण त्या संध्याकाळी ती चहाचा ट्रे ठेवून आत निघून गेली. पुढचे काही दिवस ती घरात पाहुण्यासारखी वागली. जेवण पुढं यायचं आणि तसंच मागं जायचं. शेवटी तिच्या आईनं जवळ बसवून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मला नको आहे. पण देवानं सांगितलंय म्हणतात. देवाला नको म्हणू का मी?"

तेव्हा मला माझी आई आठवली आणि तिचा न झालेला शिवणाचा क्लास. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला असा नेहमी उशीर होतो.

मी रूथला स्कूटरवर घालून चर्चच्या मागं नेलं. मामा-मामी ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. रूथनं चप्पलही न काढता सांगून टाकलं, "मामाआजोबा, तुम्ही त्यांना सांगा ना, प्रभूनं नाही म्हटलंय म्हणून. तुम्ही पाळक आहात. तुमचं ऐकतील."

मामांनी शेंग फोडली, दाणे ताटलीत टाकले. "मला कुठं म्हटलंय त्यानं?"

"त्याला तरी कुठं म्हटलं असेल?"

"ते मला ठावं न्हाई, बाळ. म्हटलं आसंल, नसंल. मी तिथं नव्हतो."

मला राहवेना. "मामा, तिनं जेवण सोडलंय. एका वाक्यानं काम होतंय तर म्हणून टाका. चांगल्यासाठीच आहे."

"एका वाक्यानं काम हुतंय, म्हणूनच भ्या वाटतंय गड्या," मामा म्हणाले. "आबा बी चांगल्यासाठीच म्हणायचे."

मामींनी रूथचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि तिच्या पुढ्यात शेंगांचा ढीग सरकवला. मग मामांनी विचारलं, "तुला काय वाटतंय?"

"माझ्या वाटण्याला कोण विचारतंय? तो तर म्हणतो, प्रभूनं सांगितलंय."

"मी इचारतोय की. सांग."

"मला तो नको आहे."

"का?"

रूथ विचार करून म्हणाली, "तो वाईट नाही. पण मी बोलायला लागले की डोळे मिटून हसतो. मी काय बोलले ते त्याला कधीच माहीत नसतं."

"मग येवढंच त्याला सांग. देवाला मधी घेऊ नगं."

"आणि देवाला राग आला तर?"

मामांनी हातातली शेंग न फोडता खाली ठेवली. मला वाटलं, आता तरी म्हणतील, नाही येणार, मी सांगतो. मामींनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांचा शेंगा फोडणारा हात थांबला.

"शास्त्रात लिवलंय ते सांगतो," मामा म्हणाले. "पोरीनं लग्नाला नगं म्हटलं म्हणून देव रागावला, असं मला तरी कुठं वाचल्याचं आठवत न्हाई. त्याचं नाव उगंच घ्यायचं न्हाई, हे मातुर दहा आज्ञांत लिवलंय. ते आशिषला हाय, तुला हाय अन् मला सगळ्यांत जास्त हाय, कारण माझ्या तोंडून निघालेलं लोक खरं धरत्यात. आता लिवलेलं संपलं. ह्याच्या फुडचं माझं. मला वाटतंय, त्यो रागवायचा न्हाई."

रूथ त्या दिवशी तिथंच जेवली. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. तिनं दुसरी भाकरी मागितली तेव्हा मामींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू लेकीला उपाशी ठेवण्यात माझाच हात असावा.

पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर दोन्ही घरं चर्चमध्येच थांबली. मामांनी खुर्च्या गोल मांडल्या. ओट्यावर कुणी बसलं नाही. भास्कररावांनी घसा साफ करून सुरुवात केली, "पाळकसाहेब, प्रभूची वाणी झालेली आहे. आपण आशीर्वाद द्या म्हणजे झालं."

मामा आशिषकडं वळले. "बाळा, तुला सांगितलं असं तू म्हणतोस. मी खोटं म्हणत नाही. पण लग्न दोघांचं. निरोप एकालाच कसा आला?"

"ती ऐकत नसेल," आशिष म्हणाला.

"असेल. मग ती ऐकेपर्यंत थांब. देवाला घाई नसते. तुला आहे का?"

"हॉल बुक केलाय," भास्करराव म्हणाले.

"मग घाई हॉलवाल्याला आहे," मामा म्हणाले.

माझी बायको हसू दाबायला उगाच खोकली. मग रूथ बोलली. पेशंटला 'आता पाय टेका' म्हणताना लावते तोच आवाज तिनं लावला होता, पण मांडीवरचे हात एकमेकांत गुंतलेले होते. "आशिष, मला हे लग्न नको आहे. प्रभूनं मला यातलं काही सांगितलेलं नाही. हे मीच म्हणतेय."

चर्चमध्ये भास्कररावांनी आणलेले पंखे फिरत होते. आशिष खाली बघत होता. त्यानं तोंड उघडलं तेव्हा त्याचा साक्ष देतानाचा आवाज कुठंतरी गेला होता. "मला ती आवडते," तो म्हणाला. "शाळेपासून. विचारलं आणि नाही म्हणाली तर, म्हणून..."

मामा उठून त्याच्याजवळ गेले, खांद्यावर हात ठेवला आणि चर्चमधली शुद्ध भाषा विसरले. "आरं, मग हेच सांगायचं हुतंस की रं पोरा. हे लय चांगलं हुतं. हे तिला ऐकाय तरी आलं असतं."

रूथचे डोळे भरून आले, पण उत्तर तेच राहिलं. ते दोघं बाहेर जाऊन चिंचेखाली थोडा वेळ बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही. माझ्या बायकोनं खिडकीतून बघायचा प्रयत्न केला, पण तिथं मी आधीच उभा होतो. एवढं दिसलं की रूथ बोलत होती आणि आशिषचे डोळे उघडे होते.

भास्कररावांना हे झेपलं नाही. मुलाला नकार मिळाल्याचं दुःख असेलच, पण चारचौघांत 'आमेन' म्हटलेली साक्ष परत आली होती, हे त्याहून मोठं. महिन्याभरात पंचकमिटीत कुजबुज सुरू झाली की पाळकसाहेबांच्या बोलण्यात पवित्र आत्म्याचं सामर्थ्य राहिलेलं नाही. नुसतं वाटतंय, वाटतंय. तरुणांना अधिकारानं बोलणारा माणूस हवा. मग एका संध्याकाळी दोन पंच मामांकडं आले आणि खोल्या रिकाम्या करायला सांगून गेले. जाताना त्यांनी माणुसकीही दाखवली. म्हणाले, "आपण असं जाहीर करू, की प्रभूनं पाळकसाहेबांना विश्रांतीसाठी बोलावलं आहे. म्हणजे कुणालाच कमीपणा नको."

मला हे कळल्यावर मी पेटलो. लेथ बंद करून मामांकडं गेलो. म्हटलं, "मामा, तुम्ही पण सांगा, देव न्याय करेल यांचा. एकदा तरी म्हणा. मंडळी अर्धी तुमच्या बाजूची आहे."

"न्याव करंल त्यो. पर कुणाचा, हे त्यानं मला सांगितलं न्हाई," मामा म्हणाले. "आन् भास्कररावानं पत्रा बदललाय रं. पावसात लोकं कोरडी बसत्यात. तेबी देवानं बघितलं असंल."

शेवटच्या रविवारी मामा व्यासपीठाजवळ गेलेच नाहीत. खाली पहिल्या बाकाशी उभे राहिले. जाहीर करायचं काम भास्कररावांचं होतं, पण ते उठायच्या आत मामा म्हणाले, "मंडळी, कमिटीनं मला जायला सांगितलं आहे. कमिटीला तो अधिकार आहे. मला वाईट वाटतंय, कारण मला इथं आवडलं होतं. प्रभूनं याबद्दल मला अजून काही कळवलेलं नाही. कळवलं तरी ते माझ्यापुरतं असेल." मग त्यांनी भास्कररावांचं नाव घेऊन त्यांच्या घरासाठी प्रार्थना केली, आशिषला पुण्यात चांगली सोबत मिळावी म्हणून मागितलं आणि खाली बसले. निरोपाची शाल द्यायला भास्कररावच पुढं झाले. शाल मामांच्या खांद्यावर नीट बसेना. भास्करराव ती पुन्हा पुन्हा सारखी करत राहिले आणि त्यांचा हात खांद्यावरून लवकर निघाला नाही.

मामा-मामी जतकडं मामींच्या माहेरच्या घरी गेले. नवे पाळक आले. ते अधिकारानं बोलतात. मी मागच्या बाकावर बसतो आणि आता मान कधी वर करायची ते मला कळत नाही.

रूथचं लग्न अजून झालेलं नाही. आशिषचं झालं, मुलगी छान आहे. आमच्याकडं स्थळं येतात आणि जातात. नातेवाईक भेटले की म्हणतात, देवानं दिलेलं नाकारलं, आता काय? मी वरून हसतो, पण बाप आहे. रात्री कूस बदलताना मनात येतं की खरंच सांगितलं असलं तर? गेल्या उन्हाळ्यात मी एकटाच जतला गेलो, ते हाच प्रश्न घेऊन. मामा बाजेवर पडून होते. हृदय थकलं होतं, पायांना सूज. मामी उशाशी बसून वारा घालत होत्या.

मी विचारलं, "मामा, आशिषला देवानं खरंच सांगितलं असेल तर?"

"असंल की."

"मग आपण अडवलं ना?"

"आपण न्हाई. मी." मामा दमानं बोलत होते. "वर गेल्यावर इचारलं तर सांगीन, मला ऐकू आलं न्हवतं, म्हणून ऐकू आल्यागत केलं न्हाई. पोरीला बी करू दिलं न्हाई. चुकलो असंन तर माझ्या नावावर घाल म्हणीन. रूथच्या न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "ती खूश हाय का?"

"आहे. कामात असते. जेवते चांगली."

"मग झोप की रातचं."

मी निघायला उठलो. मग जन्मभर न विचारलेलं तोंडातून निघालं. "मामा, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या तोंडी देवाचं नाव आलं की तुम्ही तपासून बघितलंत. तुमच्याशी कधी बोलला का हो तो?"

मामांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. पण ते हसत होते.

"बोलला की. एकदा."

"कधी? काय म्हणाला?"

"ते मला सांगितलं हुतं," मामा म्हणाले. "तुला सांग, असं काय म्हटला न्हाई."

मामींचा पंखा थांबला. "मला बी न्हाई सांगितलं ह्यांनी," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यापास्नं इचारतीय."

"तुला बी सांग म्हणून सांगितलं न्हवतं," मामा म्हणाले आणि त्यांनी पाणी मागितलं.

पावसाच्या तोंडाला मामा गेले. दफनाला कुपवाडची बरीच मंडळी आली होती. भास्करराव आले होते, आशिष बायकोला घेऊन आला होता. माती देऊन झाल्यावर रूथ मामींना घरात घेऊन गेली आणि त्यांचे पाय चेपत बसली. मी चहाचा कप घेऊन आत गेलो तेव्हा मामी तिला तीच गोष्ट सांगत होत्या, की ह्यांच्याशी देव एकदा बोलला होता आणि ह्यांनी काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

रूथनं विचारलं, "मग आता, आजी? वर भेटल्यावर विचारणार त्यांना?"

"ह्यांना कशाला इचारू? ते तिथं बी सांगायचे न्हाईत," मामी म्हणाल्या आणि माझ्या हातातला चहा घेतला. "ज्यानं सांगितलं त्यालाच इचारीन."